वंशावळ गाळू नका: बायबल आणि त्याची यहुदी मुळं समजून घेताना

कुणीतरी नवा करार हातात देतं, आपण उत्साहाने पहिलं पान उघडतो आणि समोर येते नावांची रांग. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, याकोबाला यहूदा आणि त्याचे भाऊ झाले. पाचसहा ओळींत डोळे पेंगायला लागतात आणि माणूस सरळ बाळ येशूच्या जन्माकडे उडी मारतो. आमच्या घरी रोज संध्याकाळी वाचन व्हायचं, तिथेही मत्तयाचा पहिला अध्याय आला की वाचणारा अठराव्या वचनापासूनच सुरुवात करायचा. मीही कित्येक वर्षं तेच केलं. आता नव्याने वाचायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, ती वंशावळ गाळू नका. पुढे जे जे वाचायचं आहे त्याची किल्ली तिथेच आहे.

कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारात येतो, चोपडी उघडतो आणि घराण्याच्या पिढ्या वाचू लागतो. परक्याला ती नुसती नावं वाटतात. घरातल्या म्हाताऱ्याला मात्र प्रत्येक नावाबरोबर एखादं लग्न, एखादं भांडण, विकली गेलेली एखादी जमीन आठवते. मत्तयाचे पहिले श्रोते त्या म्हाताऱ्यासारखे होते. तामार म्हटलं की त्यांना उत्पत्तीचा ३८वा अध्याय आठवायचा, राहाब म्हटलं की यरीहोची तटबंदी, रूथ म्हटलं की बेथलेहेमातलं कापणीचं शेत. 'उरीयाची बायको' एवढंच ऐकून दावीदाचं पाप त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहायचं.

मत्तय शेवटी सांगतो की या पिढ्या चौदा, चौदा आणि चौदा आहेत. राजांच्या पुस्तकाशी ताडून पाहिलंत तर कळेल की योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे त्याने सोडून दिले आहेत. चौदाचा एवढा आग्रह कशासाठी? हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. दावीद हे नाव दालेत, वाव, दालेत असं लिहितात. चार अधिक सहा अधिक चार, बेरीज चौदा. अनेक अभ्यासक इथे दावीदाच्या नावाचीच खूण पाहतात. ग्रीकमध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानाखाली असं हिब्रू धडधडत असतं.

आधी हातातलं पुस्तक ओळखा

मराठी ख्रिस्ती घरांत बायबलला 'पवित्र शास्त्र' म्हणतात. नवख्याचा पहिला गोंधळ होतो तो पुस्तकांच्या संख्येवरून. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आहेत, ३९ जुन्या करारात आणि २७ नव्यात. वसईतल्या एखाद्या कॅथलिक घरचं बायबल उघडाल तर ७३ भरतील, कारण तिथे जुना करारच ४६ पुस्तकांचा आहे. आणि यहुदी माणसाला विचारलंत तर तो म्हणेल चोवीस.

यहुद्यांची चोवीस आणि प्रोटेस्टंटांची एकोणचाळीस यांत मजकूर तोच आहे, मोजणी तेवढी वेगळी. शमुवेल, राजे आणि इतिहास ही यहुदी गणनेत प्रत्येकी एकच पुस्तकं आहेत, एज्रा आणि नहेम्या मिळून एक, आणि होशेयपासून मलाखीपर्यंतचे बारा संदेष्टे मिळून एक. या संग्रहाला ते तनाख म्हणतात. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, नवीईम म्हणजे संदेष्टे, कतुवीम म्हणजे इतर लेख. या तिन्हींची आद्याक्षरं जोडून 'तनाख' हा शब्द झाला. लूकच्या चोविसाव्या अध्यायात येशू मोशेचं नियमशास्त्र, संदेष्टे आणि स्तोत्रं असा उल्लेख करतो, तेव्हा त्याच्या मनात हीच तीन भागांची रचना आहे. आपण ज्याला जुना करार म्हणतो तो यहुदी माणसासाठी जुना नाही, तेच त्याचं संपूर्ण शास्त्र आहे. त्याच्याशी बोलताना तनाख हाच शब्द वापरावा, ही साधी रीत.

पुस्तकांच्या क्रमाकडेही लक्ष द्या. तनाख संपतं इतिहासाच्या पुस्तकावर, जिथे पारसाचा राजा कोरेश बंदिवानांना यरुशलेमेकडे वर जा असं सांगतो. ख्रिस्ती क्रमात शेवटी मलाखी येतो आणि तो एलिया संदेष्टा परत येणार असं वचन देऊन थांबतो. पान उलटून थोडं पुढे गेलं की उंटाच्या केसांचं वस्त्र आणि कंबरेला कातड्याचा पट्टा असलेला बाप्तिस्मा करणारा योहान उभा असतो. तो पट्टा २ राजे १:८ मधल्या एलियाच्या कंबरेला होता. वेषावरूनच ओळख पटावी म्हणून तो तिथे आहे.

कॅथलिक बायबलातली जास्तीची पुस्तकं आली ती ग्रीक भाषांतराच्या वाटेने. इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी आपलं शास्त्र ग्रीकमध्ये आणलं. या कामाची सुरुवात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात झाली. त्या भाषांतराला सेप्टुआजिंट, म्हणजे 'सत्तर', म्हणतात. नव्या कराराचे लेखक बहुतेक वेळा याच ग्रीक पाठातून उद्धृत करतात. म्हणून प्रेषित पौलाने पत्रांत दिलेलं यशया संदेष्ट्याचं वचन प्रत्यक्ष यशयात शोधलं आणि शब्द जुळले नाहीत, तर गोंधळून जाऊ नका. यशया ७:१४ मध्ये हिब्रू शब्द आहे 'अल्मा', तरुण स्त्री; ग्रीकमध्ये तिथे 'पार्थेनोस' आला, कुमारी; मत्तयाने ग्रीक शब्द घेतला. या एका शब्दावर यहुदी आणि ख्रिस्ती पंडित शेकडो वर्षं वाद घालत आले आहेत.

मग मूळ हिब्रू पाठ किती भरवशाचा? १९४७ साली मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडायला लागल्या. त्यांत यशयाची एक अखंड गुंडाळी होती, सात मीटरपेक्षा लांब आणि तोवर हाताशी असलेल्या हिब्रू हस्तलिखितांहून सुमारे हजार वर्षांनी जुनी. ताडून पाहता मजकूर बहुतांशी तोच निघाला. बारीकसारीक फरक आहेत, पण हजार वर्षं हाताने नकलून काढलेल्या मजकुरात एवढं साम्य असावं, हे वाचून मी भारावून गेले होते.

पाच सनावळ्या पाठ करा

सगळा इतिहास डोक्यात भरायची गरज नाही. वहीच्या पहिल्या पानावर एवढ्या खुंट्या ठोका.

इ.स.पू. ५८६: बाबेलने यरुशलेम आणि शलमोनाचं मंदिर जाळलं, लोकांना बंदिवासात नेलं.
इ.स.पू. ५३८: कोरेशच्या परवानगीने परतीची वाट खुली झाली, पुढे दुसरं मंदिर उभं राहिलं.
इ.स.पू. १६४: ग्रीक राजवटीने विटाळलेलं मंदिर मक्काबी बंडखोरांनी शुद्ध केलं. हनुक्का हा सण तिथला. योहान १०:२२ मध्ये हिवाळ्यात येशू मंदिरात फिरताना दिसतो, तो याच सणाला.
इ.स.पू. ६३: रोमन सेनापती पॉम्पी यरुशलेमेत शिरला.
इ.स. ७०: रोमन सेनापती तीतच्या सैन्याने दुसरं मंदिर पाडलं.

बहुतेक छापील बायबलांत मलाखी आणि मत्तय यांच्यामध्ये एखादं कोरं पान असतं. त्या एका पानात सुमारे चारशे वर्षं दडली आहेत. मलाखी संपतो तेव्हा परूशी आणि सदूकी हे यहुदी गट नाहीत, गावोगावची सभास्थानं, म्हणजे यहुद्यांची प्रार्थनागृहं, नाहीत, रोमन जकातनाकी नाहीत. मत्तय उघडला की हे सगळं आहे, आणि कुणीही त्याची ओळख करून देत नाही. सिनेमाच्या मध्यंतरानंतर येऊन बसल्यासारखं वाटतं ते यामुळे.

शब्द: इथे मुक्काम करा

घाई करायची असेल तर दुसरीकडे करा, शब्दांपाशी नको. मराठी भाषांतर चांगलं आहे, पण काही शब्दांच्या पोटात हिब्रू अर्थ असतो आणि मराठीत तो दिसत नाही.

पहिला शब्द 'येशू'. मत्तय १:२१ मध्ये दूत योसेफाला सांगतो की बाळाचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना पापांपासून तारणार आहे. यात 'कारण' कसलं, असा प्रश्न मराठी वाचकाला पडायला हवा. नावाचं आणि तारणाचं नातं हिब्रूत आहे. येशुआ हे यहोशवा या नावाचं लहान रूप, आणि त्याच्या मुळाशी तारणे, सोडवणे असा अर्थ आहे. म्हणजे मोशेनंतर लोकांना यार्देन नदीपार नेणारा यहोशवा आणि नासरेथचा येशू हे एकाच नावाचे. ग्रीकमध्ये दोघांचं नाव अक्षरशः एकच लिहिलेलं आहे. मराठीत ही दोन नावं वेगळी झाली आणि हा धागा आपल्या हातून सुटला.

दुसरा शब्द 'करार'. आपल्याला करार म्हटलं की भाडेकरार आठवतो, अकरा महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवरचा. हिब्रू शब्द आहे 'ब्रीत', आणि हिब्रूत करार 'कापतात'. का ते उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात दिसतं. जनावरं मधोमध चिरून अर्धे भाग समोरासमोर ठेवले आहेत. प्राचीन काळी करार करणारे त्या तुकड्यांमधून चालत जायचे. वचन मोडलं तर माझंही असंच होवो, असा त्याचा अर्थ. पण इथे अब्राम, म्हणजे पुढचा अब्राहाम, गाढ झोपेत आहे, आणि धुमसती भट्टी आणि जळती मशाल एवढंच त्या तुकड्यांमधून पुढे सरकतं. देव एकटाच ती शपथ घेतो. हे चित्र मनात ठेवून मग यिर्मया ३१:३१ वाचा. 'नवा करार' हा शब्दप्रयोग तिथला, मंदिर जळण्याच्या काळातल्या एका यहुदी संदेष्ट्याचा. शेवटच्या भोजनात येशू प्याला हातात घेऊन तोच शब्द उच्चारतो.

तिसरा शब्द 'खंडणी'. मार्क १०:४५ मध्ये येशू म्हणतो की तो पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे. आज हा शब्द आपल्याला फक्त गुन्ह्यांच्या बातम्यांत भेटतो, म्हणून तो कानाला टोचतो. त्याच्या मागे काय आहे हे समजण्यासाठी 'गोएल' ओळखावा लागतो. लेवीय २५ मधला कायदा असा: कुणी गरिबीमुळे जमीन विकली तर त्याच्या सगळ्यांत जवळच्या भाऊबंदाने ती सोडवून आणायची, कुणी स्वतःलाच दास म्हणून विकलं तर त्यालाही सोडवायचं. हे करणारा तो गोएल. गहाण पडलेलं वतन ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावायला नको. रूथच्या चौथ्या अध्यायात बवाज गावाच्या वेशीपाशी दहा वडीलधाऱ्यांना बसवतो, जवळचा दुसरा नातलग पायातली वहाण काढून देतो आणि आपला हक्क सोडतो, मग बवाज शेत आणि रूथ दोघांची जबाबदारी घेतो. ईयोब उकिरड्यात बसून 'माझा उद्धारक जिवंत आहे' म्हणतो तिथे मूळ शब्द गोएलच आहे. सेप्टुआजिंटने या सोडवणुकीसाठी जे ग्रीक क्रियापद वापरलं, त्याच्याच कुळातला शब्द मार्कच्या 'खंडणी'च्या जागी आहे. खंडणी मागणाऱ्या गुंडाऐवजी भावाची जमीन सोडवायला पैसे घेऊन निघालेला भाऊ डोळ्यांसमोर आला की ते वचन वेगळंच ऐकू येतं.

बाकीचे शब्द थोडक्यात. 'नियमशास्त्र' म्हणजे तोरा. त्याचा मूळ अर्थ शिकवण, वाट दाखवणं, नियमांपेक्षा कितीतरी मोठा. 'मशीहा' म्हणजे तेलाने अभिषेक केलेला, ग्रीकमध्ये ख्रिस्तोस, तेव्हा ख्रिस्त ही पदवी आहे, आडनाव नाही. 'आत्मा' म्हणजे हिब्रू रूआख, आणि त्याच शब्दाचा अर्थ वारा आणि श्वास असाही होतो. ग्रीक शब्दही तसाच दुहेरी आहे, म्हणून योहान ३:८ मध्ये येशू वाऱ्याबद्दल बोलतो की आत्म्याबद्दल, हे त्याला भेटायला आलेल्या निकदेम नावाच्या परूश्याला एका दमात कळत नाही.

परूशी म्हणजे ढोंगी नव्हे

हे मी कळकळीने लिहिते आहे. लहानपणी आमच्या नाटकांत परूशी म्हणजे काळी दाढी, वाकडं हसू आणि कारस्थान. पुढे वाचत गेले तेव्हा लाज वाटली. परूशी ही सामान्य लोकांतली चळवळ होती. मंदिरातली पवित्रता घराघरांतल्या जेवणाच्या ताटापर्यंत आणायची, मृतांच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवायचा, शास्त्राचा अर्थ चर्चेतून काढायचा. लूक १३:३१ मध्ये हेरोद तुला मारायला टपला आहे अशी सूचना येशूला परूशीच देतात. पौल गमलिएल या परूशी गुरूच्या पायाशी शिकला आणि ख्रिस्ती झाल्यावरही सभेत 'मी परूशी आहे' असं म्हणाला. येशू त्यांच्याशी कडाडून भांडतो, खरं आहे. पण ते घरातलं भांडण आहे, त्याच शास्त्रावर प्रेम करणाऱ्या माणसांमधलं. सदूकी हे मंदिराभोवतालचे पुरोहित-सरदार. मंदिर पडलं आणि तेही इतिहासातून दिसेनासे झाले. परूश्यांची परंपरा मात्र टिकली. साधारण इ.स. २०० च्या सुमारास मिश्ना, म्हणजे त्यांच्या तोंडी शिकवणीचा संग्रह, संकलित झाली, पुढे तिच्यावरच्या चर्चांचा तालमूद, आणि आजचा यहुदी धर्म त्या वाटेवरच चालत आला.

योहानाच्या शुभवर्तमानात 'यहुदी' हा शब्द विरोधकांसाठी येतो तेव्हा थांबा. येशू, मरिया, पेत्र, योहान, सगळे यहुदीच होते. ते वाक्य संपूर्ण समाजावर लादल्यामुळे युरोपात शतकानुशतकं यहुद्यांची कत्तल झाली. चुकीचं वाचन माणसं मारू शकतं.

कोकणात जा

मराठी वाचकाला एक भाग्य लाभलं आहे. यहुदी परंपरा बघायला त्याला परदेशी जायची गरज नाही. रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल समाज शतकानुशतकं राहिला. तेल गाळायचा आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बाहेरच्या यहुदी जगाशी संबंध तुटलेला असतानाही त्यांनी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुंता आणि शमा जपला. शमा म्हणजे अनुवाद ६:४, 'हे इस्राएला, श्रवण कर'. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर मार्क १२ मध्ये येशू याच ओळीने उत्तर सुरू करतो. मुंबईतलं त्यांचं पहिलं सभास्थान १७९६ सालचं, मशीद बंदर भागात. वल्हांडण, म्हणजे इजिप्तमधल्या दास्यातून सुटकेचा सण; त्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत छापली गेली.

त्यांच्या सणांची नावंही मराठी मातीतली. वर्षारंभ तो नव्याचा सण. दोन्ही मंदिरं पडली त्या दिवसाचा उपास तो बिरड्याचा सण. इ.स. ७० ची आठवण अशी वालाच्या बिरड्याच्या नावाने कोकणातल्या स्वयंपाकघरात जिवंत राहिली.

अलिबागला एका बेने इस्रायली घरी मी मलिद्याला, म्हणजे त्यांच्या आभाराच्या विधीला, गेले होते. ताटात भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, कडेने फळं. सगळे उभे राहून हिब्रूत एलियाहू हन्नबीचं गाणं म्हणत होते, संदेष्टा एलियाचं. घरच्या आजी मला म्हणाल्या, "तो येतो गं, आम्ही बोलावतो ना." योहान १:२१ मध्ये लोक बाप्तिस्मा करणाऱ्याला विचारतात, तू एलिया आहेस काय? तो प्रश्न मी शंभरदा वाचला होता. एलियाची वाट पाहणारं घर मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

एक खबरदारी. आजच्या वल्हांडणाच्या भोजनाचा सगळा क्रम येशूच्या शेवटच्या भोजनावर चिकटवू नका. कोकरू, बेखमीर भाकर आणि कडू भाजी निर्गम १२ मधली. पण आज पाळला जाणारा क्रम बराचसा मंदिर पडल्यानंतर आकाराला आला. शिवाय मार्क त्या भोजनाला वल्हांडणाचं म्हणतो, तर योहानाच्या हिशेबाने येशू वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशीच मरण पावला. हा फरक पुसू नका, वहीत लिहून ठेवा.

आता वाचायला बसा

हिब्रू-ग्रीक येत नाही म्हणून अडू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून दोन्ही भाषा शिकत सबंध बायबल मराठीत आणलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. आपल्याला तर त्या कष्टांची फळं आयती मिळाली आहेत. क्रमाची चिंता असेल तर फादर स्टीफन्सकडे पाहा. १६१६ साली गोव्यात छापलेल्या आपल्या मराठी ओवीबद्ध पुराणात त्यांनी 'पैले पुराण' जुन्या कराराचं रचलं आणि मगच ख्रिस्तकथा सांगितली.

रोजची पद्धत एवढीच. नव्या करारात पानाच्या तळाशी किंवा कडेला जुन्या कराराचा संदर्भ दिसला की तिथे बोट ठेवा आणि मागे जा. तेवढं वचन वाचून परतू नका, सबंध अध्याय वाचा. तिथे, त्या काळी, त्या लोकांना त्याचा काय अर्थ होता हे आधी दोन ओळींत लिहा. मगच पुढे या.

पहिल्या संध्याकाळसाठी लूकचा चौथा अध्याय घ्या, १६व्या वचनापासून. नासरेथचं सभास्थान, शब्बाथ. येशूच्या हाती यशयाची गुंडाळी दिली जाते. तो उभा राहून वाचतो, गुंडाळी गुंडाळून सेवकाला परत देतो आणि खाली बसतो. बसणं म्हणजे कार्यक्रम संपला असं नव्हे. त्या काळी शिकवणारा बसूनच शिकवायचा, म्हणूनच सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळतात. आता एक बोट इथे ठेवा आणि दुसरं यशया ६१:१-२ वर. ओळी शेजारी ठेवून सावकाश वाचा. येशूने वाचलेल्यात एक ओळ यशया ५८:६ मधून आलेली दिसेल. आणि मग पाहा, तो कुठे थांबतो. यशयाचं वाक्य पुढे चालू आहे, प्रसादाच्या वर्षानंतर लगेच सूडाचा दिवस येतो. तो शब्द यायच्या आधीच येशू गुंडाळी मिटतो.